युद्धकालीन नगर आणि ध्वनीचा प्रयोग : ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ आणि मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम

प्रस्तावना

युद्ध आणि वाङ्मय यांच्या परस्परसंबंधाचा विचार मराठी समीक्षेने बऱ्याच अंगांनी केला आहे. युद्ध आणि ध्वनी यांच्या संबंधाचा विचार मात्र तिच्याकडून फारसा झालेला नाही. वास्तविक पोवाडा हा मराठीतील युद्धाशी सर्वाधिक जवळीक असलेला प्रकार ऐकण्याचा प्रकार आहे. तरीही महाविद्यालयीन अभ्यासक्रमात तो येतो तो छापील संहितेच्या रूपाने. ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा मौखिक परंपरेतील फार मोठा ठेवा नष्ट होण्यापासून वाचला. परंतु डफाची थाप, तुणतुण्याचा अखंड सूर, झीलकऱ्यांनी उचललेली ओळ आणि शाहिराच्या आवाजाची फेक या गोष्टी कागदावर येणे शक्य नव्हते. पुढील अभ्यासकांनी पोवाड्याकडे कधी इतिहासाचे साधन म्हणून, कधी वीररसाचे काव्य म्हणून, तर विसाव्या शतकातील पोवाड्याकडे बहुधा राजकीय प्रचार म्हणून पाहिले. ध्वनीचा प्रयोग म्हणून त्याचे मूल्यमापन करण्याचे राहून गेले.

प्रस्तुत लेखात युद्धकाळातील नगरांत झालेल्या काही ध्वनिप्रयोगांचा तौलनिक विचार करावयाचा आहे. अण्णाभाऊ साठे यांचा ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ हे या विवेचनाचे एक केंद्र असून १९३८ ते १९४८ या काळातील मराठवाडा, विशेषतः नांदेड आणि लातूर हा परिसर, हे दुसरे केंद्र आहे. युद्धातील ध्वनिप्रयोगाचे मूल्य वाद्याच्या नवेपणावर किंवा रचनेच्या दुर्बोधतेवर ठरत नाही. युद्धाचा आवाज कोणत्या जागेवरून ऐकला गेला आणि तो पुन्हा कोणाच्या कानापर्यंत पोहोचविला गेला, यावर ते ठरते, अशी या लेखाची मांडणी आहे.

प्रयोग : एका शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. नाटकाचा प्रयोग होतो आणि प्रयोगशाळेतही प्रयोग होतो. पहिल्या अर्थात प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष सादर होणे अभिप्रेत आहे, तर दुसऱ्या अर्थात निष्पत्ती आधी ठाऊक नसताना काही करून पाहणे अभिप्रेत आहे. प्रयोगशील संगीताविषयी लिहिताना आधुनिक समीक्षक बहुधा दुसऱ्याच अर्थाला धरून चालतात. त्यामुळे प्रयोगशीलता ही मूठभर जाणकारांसाठी चाललेली प्रक्रिया ठरते आणि लोकपरंपरेतील कलावंत त्या वर्तुळाबाहेर राहतो.

भरताचे नाट्यशास्त्र हा प्रत्यक्ष प्रयोगाशी निगडित असलेला ग्रंथ आहे, ही बाजू नांदेडच्या नरहर कुरुंदकर यांच्या विवेचनात ठळकपणे येते. या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. शाहिराच्या फडात यांपैकी तीन वर्ग हजर असतात. तुणतुणे हे तत, डफ हे अवनद्ध आणि झांज हे घन वाद्य होय. ही तिन्ही वाद्ये एका माणसाला खांद्यावर वाहून नेता येतात. त्यांना वीज लागत नाही, रंगमंच लागत नाही आणि फड उठविण्यास काही क्षण पुरेसे असतात. शांततेच्या काळात ही केवळ सोय वाटते, परंतु दिवे मालवलेल्या आणि पहाऱ्याखाली असलेल्या नगरात तीच कलेच्या अस्तित्वाची अट होऊन बसते. अशा नगरात ‘प्रयोग’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. श्रोते जमतील की नाही, गायन पुरे होईल की नाही, आवाज कोणापर्यंत जाईल, यांपैकी काहीही निश्चित नसताना जे सादर केले जाते ते दोन्ही अर्थांनी प्रयोगच असते.

वेढा घालणाऱ्याचा कान

युरोपातील ध्वनिप्रयोगाच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः इटलीतील भविष्यवादी चळवळीपासून मानला जातो. लुइजी रुसोलो या चित्रकाराने १९१३ मध्ये गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. यंत्रयुगातील माणसाच्या कानाला जुन्या वाद्यांचे मर्यादित सूर अपुरे पडतात, संगीताने आता कारखान्यांचा, रस्त्यांचा आणि यंत्रांचा गोंगाट आपला मानावा, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्याने स्वतः गोंगाट निर्माण करणारी यंत्रेही तयार केली. ध्वनिकलेच्या पुढील वाटचालीत या जाहीरनाम्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

या जाहीरनाम्याच्या मुळाशी एक युद्धग्रस्त नगर आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. बाल्कन युद्धात बल्गेरियाच्या सैन्याने एद्रियानोपल या तुर्की नगराला वेढा घातला. हे नगर आज एदिर्ने या नावाने ओळखले जाते. भविष्यवाद्यांचा अग्रणी मारिनेत्ती १९१२ मध्ये वार्ताहर म्हणून तेथे गेला होता. तोफांच्या आवाजाचे त्याने पत्रातून केलेले वर्णन रुसोलोने आपल्या जाहीरनाम्यात उद्धृत केले, आणि मारिनेत्तीने त्याच अनुभवावर १९१४ मध्ये ‘झांग तुंब तुंब’ हे ध्वन्यनुकारी शब्दांचे पुस्तक प्रसिद्ध केले.

मारिनेत्तीने तोफा ऐकल्या त्या वेढा घालणाऱ्या सैन्याच्या बाजूने. गोळा सुटतानाचा आवाज त्याच्या कानात भरला होता. तो जेथे पडत होता तेथील आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. म्हणूनच त्याला युद्धात एक भव्य वाद्यमेळ ऐकू आला. भविष्यवादाने १९०९ च्या पहिल्या जाहीरनाम्यातच युद्धाचा गौरव केला होता, हे ध्यानात घेता त्याच्या कानाचे हे स्थान योगायोगाचे नव्हते. तंत्राच्या दृष्टीने अत्यंत नवा असलेला हा प्रयोग ऐकण्याच्या दृष्टीने एकांगी राहिला.

वेढ्यातील कान : लेनिनग्राड आणि बैरूत

जर्मन सैन्याने लेनिनग्राडला घातलेला वेढा ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ असा ८७२ दिवस टिकला. या काळात नगरातील रस्त्यांवर लावलेल्या ध्वनिक्षेपकांतून, इतर कार्यक्रम नसताना, मेट्रोनोमचे ठोके प्रक्षेपित होत. संगीताच्या विद्यार्थ्याला लय शिकविणारे हे साधे उपकरण. ठोके विलंबित असले की आकाश मोकळे आहे असे समजावयाचे आणि ते द्रुत झाले की हल्ला येत आहे असे समजून आसरा गाठावयाचा. ठोके चालू आहेत याचा आणखी एक अर्थ असा की नभोवाणी जिवंत आहे, म्हणजेच नगर जिवंत आहे. कोणत्याही संगीतकाराने ही रचना कलाकृती म्हणून केली नव्हती. तरीही ध्वनीचा किमान घटक घेऊन लाखो श्रोत्यांच्या जगण्याशी त्याचा इतका थेट संबंध जोडणारी दुसरी रचना विसाव्या शतकाच्या संगीतात सहसा आढळत नाही.

याच नगरात ९ ऑगस्ट १९४२ रोजी शोस्ताकोविचच्या सातव्या सिंफनीचा प्रयोग झाला. कार्ल एलियासबर्ग यांच्या नेतृत्वाखालील नभोवाणीच्या वाद्यवृंदातील अनेक वादक उपासमारीने दगावले होते किंवा वाजविण्याच्या स्थितीत नव्हते. लष्करातून वादक मिळवून वृंद पुरा करण्यात आला. प्रयोगात व्यत्यय येऊ नये म्हणून आधी जर्मन तोफांवर मारा करण्यात आला आणि ते वादन ध्वनिक्षेपकांतून शत्रूच्या फळीपर्यंत ऐकविण्यात आले. ही सिंफनी रूढ वाद्यवृंदासाठीची रचना आहे. केवळ स्वरलेखन पाहणाऱ्यास त्या दिवशीचा प्रयोग कळणार नाही. तो कळण्यासाठी वादकांची उपासमार, तोफांची सक्तीची शांतता आणि शत्रूचा कान या तिन्ही गोष्टी रचनेचा भाग मानाव्या लागतात.

अलीकडील काळातील उदाहरण बैरूतचे आहे. जुलै २००६ मध्ये इस्रायलच्या विमानांनी बैरूतवर बॉम्बवर्षाव सुरू केला असता माझेन केरबाज या लेबनॉनी कलावंताने रात्री आपल्या घराच्या सज्जात उभे राहून ट्रम्पेट वाजविला आणि बॉम्बच्या आवाजासह ते वादन ध्वनिमुद्रित केले. त्यातील सुमारे साडेसहा मिनिटांचा अंश ‘स्टारी नाइट’ या नावाने प्रसिद्ध आहे. ट्रम्पेटमधून येतो तो बहुतांशी सूर नसून श्वास आहे. मधूनच स्फोट होतो, पाठोपाठ मोटारींचे भोंगे वाजू लागतात, कुत्री भुंकतात आणि पुन्हा तो श्वास ऐकू येतो. केरबाजने वादकांच्या नामावलीत स्वतःबरोबर इस्रायली हवाई दलाचेही नाव घातले. या उपरोधात मारिनेत्तीला दिलेले उत्तर दडले आहे असे म्हणता येईल. स्फोट येथेही वाद्यमेळात आहे, परंतु तो ऐकणारा कान ज्याच्यावर तो कोसळू शकतो त्याचा आहे.

दूरचा कान : मुंबई

एद्रियानोपल, लेनिनग्राड आणि बैरूत येथील श्रोता युद्धभूमीवर उपस्थित होता. मुंबईची स्थिती वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर शत्रूचा बॉम्ब पडला नाही. तरी काळोख, टंचाई, महागाई आणि हल्ल्याची भीती या रूपांनी युद्ध या नगरात शिरले होते. गिरणगावातील कामगाराचे सारे दिवसमान गिरणीच्या भोंग्याने बांधलेले होते. त्याच कानाला आता हल्ल्याची सूचना देणारा भोंगा ओळखण्याची सवय करावी लागली. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा युद्धाचा प्रत्यक्ष आवाजही मुंबईने ऐकला.

या नगरात माटुंगा लेबर कॅम्पमध्ये राहणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांनी १९४३ च्या सुमारास ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला. शालेय शिक्षण जवळजवळ न झालेला, गिरणीत राबलेला हा शाहीर हजारो मैलांवरच्या नगराचा संग्राम मराठीत गाऊ लागला. पुढे १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. या पोवाड्याची नोंद मराठी समीक्षेत आंतरराष्ट्रीय जाणिवेचे उदाहरण म्हणून घेतली जाते. ही नोंद योग्य असली तरी अपुरी आहे.

या पोवाड्याचे नवेपण त्याच्या नावापासून सुरू होते. तुळशीदासाच्या परंपरेत पोवाडा मुख्यतः वीरपुरुषाचा असतो. गड हे त्याच्या पराक्रमाचे स्थळ असते. अण्णाभाऊंनी एका नगरालाच नायकपद दिले. बर्लिन आणि नानकिंग ही नगरेही त्यांच्या पोवाड्यांचा विषय झाली, यावरून ही निवड प्रासंगिक नव्हती असे दिसते. नायक नगर असले की पोवाड्याच्या ध्वनिरचनेलाही वेगळा अर्थ येतो. मुख्य शाहीर एकटा कथन करतो आणि झीलकरी ओळ उचलून धरतात, ही रचना जुनीच आहे. वीरपुरुषाच्या पोवाड्यात झील ही साक्षीदारांची दाद असते. नगराच्या पोवाड्यात तीच झील नगरवासीयांचा समूहस्वर होऊ शकते. स्टालिनग्राडची लढाई ट्रॅक्टरच्या आणि पोलादाच्या कारखान्यांत इमारतीगणिक झाली. ही लढाई गिरणीच्या आवारात ऐकणाऱ्या कामगाराला दूरच्या कारखान्याच्या जागी स्वतःची गिरणी दिसणे स्वाभाविक होते. एकही नवे वाद्य न वापरता केवळ श्रोत्याचे स्थान बदलून साधलेला हा प्रयोग आहे.

अण्णाभाऊंनी स्टालिनग्राड पाहिलेले नव्हते. तेथील तोफांचा आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता. वृत्तपत्रांतील मजकुरावरून त्यांनी तो आवाज मनाशी बांधला आणि डफावर उतरविला. हा दूरचा कान आहे. त्याला वेढ्यातील कानाचा अधिकार नाही, पण वेढा घालणाऱ्या कानाचा उन्मादही नाही. न पाहिलेल्या माणसांच्या बाजूने ऐकण्याची जबाबदारी त्याने पत्करली आहे, आणि हेच त्याचे बळ होय.

तरीही या पोवाड्याची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. कम्युनिस्ट पक्षावरील बंदी जुलै १९४२ मध्ये उठली. सोव्हिएत संघ हा ब्रिटनचा मित्र असल्याने स्टालिनग्राडचे गुणगान वसाहतवादी सरकारला अडचणीचे नव्हते. ‘लोकयुद्धा’ची भूमिका घेतलेला पक्ष ‘भारत छोडो’ आंदोलनापासून दूर राहिला. याच मुंबईत ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवरून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ते जागा बदलत आणि प्रक्षेपण भारतात कुठूनतरी होत असल्याचे सांगत. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यांना अटक झाली. एकाच नगरात एक आवाज मैदानात उभा राहून दूरच्या नगराविषयी गाऊ शकत होता आणि दुसऱ्या आवाजाला स्वतःच्या नगराचे नावही घेता येत नव्हते. या दोन ध्वनिप्रयोगांचा एकत्र विचार केल्याशिवाय युद्धकालीन मुंबईचा ध्वनी पुरा होत नाही. पोवाडा निर्वेधपणे गायिला गेला म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. मात्र दूरचे ऐकताना जवळचे किती ऐकले, हा प्रश्न त्याला विचारावाच लागतो.

बंदीतील ध्वनी : मराठवाडा

हाच प्रश्न घेऊन मराठवाड्याकडे येता येते. अमर शेख मूळचे बार्शीचे. बार्शी आणि लातूर ही गावे नॅरोगेज रेल्वेने जोडलेली होती, परंतु त्यांच्यामध्ये ब्रिटिश हद्द आणि निजामाची हद्द यांची सीमा होती. तेव्हाचे लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील बाजारपेठेचे गाव होते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. सीमेच्या अलीकडे ज्या गायनाला मैदान मिळे, त्याला सीमेपलीकडे परवानगीची वाट पाहावी लागे. हैदराबाद संस्थानात गश्ती निशाण ५३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकुमाने सभा आणि जाहीर कार्यक्रम यांवर निर्बंध घातले होते. येथे मराठी आवाज सार्वजनिक जागेत उमटणे हीच एक घटना होती.

१९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ गाण्यावरून विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले. गाण्यास मनाई झाल्यावर विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले, त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी शेकडो जणांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. एका गीताच्या उच्चारावर शिक्षण पणाला लावण्याचा हा प्रसंग राजकीय इतिहासात नोंदला गेला आहे. ध्वनीच्या इतिहासातही त्याला स्थान हवे. हे गीत संस्थानातील सर्वच समाजांना सारखे आपले वाटत नव्हते, हेही त्या इतिहासाचाच भाग आहे.

सभेला परवानगी मिळत नसे तेव्हा गणेशोत्सवातील मेळे, कीर्तने, भजने आणि ग्रंथालये यांच्या आश्रयाने जागृतीचे कार्य चाले. लातूर आणि उदगीर परिसरात आर्य समाजाच्या भजनोपदेशकांचाही प्रभाव होता. मेळ्यातील पदे बहुधा प्रचलित चालींवर बांधलेली असत. संगीताच्या रूढ निकषांनुसार तयार चालीवर शब्द बसविणे हे कनिष्ठ दर्जाचे काम मानले जाते. बंदीच्या वातावरणात मात्र या पद्धतीचा वेगळाच गुण प्रत्ययास येतो. दुरून ऐकणाऱ्याला ओळखीची चाल तेवढी ऐकू येते, शब्द ऐकू येतात ते जवळ बसलेल्यालाच. एकाच गायनात दोन श्रोत्यांसाठी दोन रचना असतात. नांदेडच्या पूर्वेस तेलुगू मुलखात याच काळात प्रजा नाट्य मंडळीने बुर्रकथा या जुन्या कथनप्रकाराचा राजकीय कथनासाठी उपयोग केला. अण्णाभाऊंनीही तेलंगणाच्या संग्रामावर पोवाडा रचला. मराठवाड्यातील या गायनाचा विचार अशा शेजारातच करावयास हवा.

संस्थानातील संघर्षाच्या अखेरच्या पर्वात मानवी आवाज हेच एक शस्त्र झाले होते. रझाकारांचे नेते कासिम रझवी हे लातूरचे वकील. त्यांच्या प्रक्षोभक भाषणांनी निर्माण केलेला दरारा हा त्या काळच्या भीतीचा मोठा भाग होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने रेडिओवरून युद्धविराम जाहीर केला. भाषणांनी पेटलेल्या संघर्षाची अखेर रेडिओवरील एका आवाजाने झाली. या दोन आवाजांच्या मध्ये नांदेड आणि लातूरच्या गल्ल्यांत काय ऐकू येत होते, याची नोंद मात्र अतिशय तुटपुंजी आहे. अनंत भालेराव यांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ यासारख्या मौलिक ग्रंथाचे प्रयोजनच राजकीय इतिहासाचे असल्याने ही अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. हे काम समीक्षेचे आणि लोकवाङ्मयाच्या अभ्यासाचे होते.

मौनाचा प्रश्न

या ध्वनिचित्रात एक मोठी पोकळी आहे. लष्करी कारवाईनंतर संस्थानात मुस्लिम समाजावर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सदिच्छा समिती पाठविली. १९४८ च्या अखेरीस या समितीने दौरा केला. मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागल्याचे तिने नोंदविले आणि लातूरचाही उल्लेख केला. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी मराठवाड्यात सांगितल्या गेल्या, भाषणांतून आणि गाण्यांतूनही आल्या. ते यथायोग्यच होते. त्यानंतरच्या काही आठवड्यांतील आक्रोशाला मात्र पोवाडा मिळाला नाही. पोवाडा हा विजयाचा प्रकार असल्याने त्यात हे बसत नाही, असे कोणी म्हणेल. हे समर्थन टिकत नाही. फाळणीच्या काळातील हिंसेवर अण्णाभाऊंनी ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ हा पोवाडा रचला होता. आपल्याच माणसांनी एकमेकांवर केलेल्या अत्याचाराचे गायन या प्रकारात होऊ शकते, याचा पुरावा मराठी शाहिरीने स्वतःच दिलेला आहे. उणीव पोवाड्याच्या प्रकृतीत नव्हती, ती ऐकू इच्छिणाऱ्या कानाची होती.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद सांगितले आहेत. अनाहत नाद हा योग्यांच्या ध्यानाचा विषय आहे. मराठवाड्यातील १९४८ चे मौन त्या कोटीतले नाही. ते आहतच आहे, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. आघात झाला होता, परंतु त्यातून निघालेला नाद बाहेर येऊ शकला नाही.

असा नाद ऐकण्याची पद्धत मराठीला अपरिचित नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आणि त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रणही केले. पहाटे, घरात, समोर श्रोता नसताना गायिली जाणारी ही ओवी पोवाड्याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. मैदानात जे गाता आले नाही ते घरात, कण्हण्यात, अंगाईत, कबरीपाशी म्हटलेल्या शब्दांत उरले असण्याची शक्यता असते. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाऐंशी ओलांडलेले आहे. ज्यांच्या कानांनी तो काळ ऐकला त्यांची संख्या दर वर्षी कमी होत आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ नांदेडला आहे आणि नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे जाळे गावोगाव पोहोचले आहे. मराठी, उर्दू, इतिहास आणि संगीत या विभागांनी एकत्र येऊन हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही घरांतील वृद्धांच्या स्मरणातील आवाज ध्वनिमुद्रित करणे हे त्यांच्या आवाक्यातील काम आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचे पोवाडे ध्वनिक्षेपकांवरून गायिले जातात. त्या पोवाड्यांना अशा संग्रहाची जोड मिळाली, तर त्यांचा सन्मान वाढेलच.

निष्कर्ष

१. युद्धकालीन नगरातील ध्वनिप्रयोग पारखताना तंत्राच्या नवेपणापेक्षा ऐकणाऱ्याचे स्थान हा निकष अधिक उपयुक्त ठरतो. मारिनेत्तीचे नवे तंत्र आणि लेनिनग्राडच्या मेट्रोनोमचा साधा ठोका यांची तुलना केली असता ही गोष्ट स्पष्ट होते.

२. ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ हा प्रचारकाव्य म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. नगराला नायकत्व आणि झीलेला समूहस्वराचे स्थान देणारा तो महत्त्वाचा प्रयोग आहे. त्याच्या राजकीय मर्यादेची चर्चा त्याचे हे मोल मान्य करूनच व्हावयास हवी.

३. मराठवाड्यात बंदीच्या काळात ओळखीच्या चालींवर केलेली पदरचना ही परिस्थितीतून घडलेली प्रयोगशीलता होय. संगीताच्या प्रतिष्ठित निकषांनी तिची उपेक्षा झाली आहे.

४. युद्धाच्या ध्वनीचा अभ्यास त्यातील मौनाच्या अभ्यासाविना अपुरा राहतो. १९४८ मधील नांदेड आणि लातूर परिसराच्या संदर्भात हे काम अद्याप व्हावयाचे आहे आणि त्यासाठी उरलेला अवधी थोडा आहे. मुंबईत बसून स्टालिनग्राड ऐकण्याइतका मराठी शाहिरीचा कान मोठा होता. आपल्याच गल्लीतील शेजाऱ्याचा आवाज ऐकण्याइतका तो मोठा करणे, ही मराठवाड्यातील अभ्यासकांपुढील पुढची कसोटी आहे.